शिडीच्या शिक्क्याचा पाव

१

नोव्हेंबरात, डोंगरातला रस्ता बर्फाने बंद व्हायच्या आत, फ्रेनेत गावाची सामाईक गावभट्टी पेटायची. वर्षातून एकदाच. पूर्वी ती पोटासाठी पेटायची, कारण सगळ्या हिवाळ्याचा पाव एकदमच भाजून ठेवावा लागे. आता ती वारशासाठी पेटायची, म्हणजे खालच्या खोऱ्यातून गाड्या भरभरून लोक बघायला येत म्हणून. हा फरक सेराफीनबाईंना टोचायचा, पण कुरकुर करायला त्यांना तोंड नव्हतं. कित्येक वर्षं थंड पडलेली ती भट्टी पुन्हा सुरू केली होती ती त्यांनीच.

गावातली शाळा बंद झाली तेव्हा शेवटच्या शिक्षिका त्याच होत्या. नवरा आधीच गेलेला, मूलबाळ नाही. रिकाम्या वर्गात त्यांनी जुन्या वस्तू मांडल्या, वारसा मंडळ काढलं आणि घरोघरी फिरून पावाचे लाकडी शिक्के गोळा केले. प्रत्येक घराचा शिक्का वेगळा. कुणाचा कोंबडा, कुणाचं चाक, बाईंच्या माहेरची कात्री. कच्च्या पावावर तो दाबायचा, म्हणजे सगळ्यांचे पाव एकाच भट्टीत गेले तरी बाहेर आल्यावर आपला कुठला ते कळतं.

त्या शनिवारी दुपारी फिर्मांने भट्टीचं लोखंडी दार उघडलं. फिर्मां मेंढ्या पाळायचा. लहानपणी बाईंच्या हातचा मार खाल्लेला, आणि अजूनही त्यांच्यासमोर सिगारेट लपवणारा. लांब दांड्याच्या लाकडी फावड्याने तो एकेक पाव बाहेर ओढत होता आणि बाई फळीवर घराघराप्रमाणे लावत होत्या. काळे, जड, दगडासारखे पाव. बघायची गरज नव्हती, बोट फिरवलं तरी शिक्का कळायचा.

एका पावावर त्यांचं बोट अडलं.

त्यांनी तो खिडकीपाशी नेला. कोंबडा नाही, चाक नाही. दोन उभ्या रेघा, मध्ये आडव्या पायऱ्या. शिडी होती ती.

“हा कुणाचा रे?”

फिर्मांने मान वाकडी करून पाहिलं. “सरपंचांचा असेल. वर चढायची घाई त्यांनाच आहे.”

लोक हसले. सरपंच मोतेही हसले, कारण बाहेर वर्तमानपत्राचा फोटोग्राफर उभा होता. कोपऱ्यात स्टुलावर आन्सेल्म बसला होता, गावातला सगळ्यात म्हातारा माणूस. पाव हातोहात फिरत त्याच्यापर्यंत आला. त्याने तो हातात घेतला नाही. नुसतं पाहिलं, टोपी डोक्यावर ओढली, आणि स्वतःचे पाव तिथेच टाकून तो काठी टेकत निघून गेला.

२

कुणीतरी चेष्टा केली असणार, असं बाईंनी ठरवलं. बघायला आलेल्यांपैकी एखाद्याने चाकूने रेघा ओढल्या असतील. शाळेतल्या काचेच्या कपाटात त्यांनी पुन्हा एकदा सगळे शिक्के पाहिले. शिडी त्यांत नव्हती. मग तर चेष्टाच.

पाव त्यांनी घरी आणून स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवला. कुणाचा नाही, तर फेकायचा कशाला?

दुसऱ्या दिवशी कॉफीचा डबा काढताना त्यांचा हात पावाला लागला. पाव कोमट होता.

फळीच्या मागून चुलीचं धुराडं जात होतं. त्याची ऊब लागली असेल, दुसरं काय. तरी त्यांनी पाव उचलून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. काचेतून गारठा आत येत होता आणि त्या कट्ट्यावर लोणी दगड व्हायचं. संध्याकाळी पावाच्या बाजूची काच धुरकटलेली दिसली. बाकीची खिडकी स्वच्छ होती.

राय धान्याचं ओलं पीठ आतून आंबतं आणि आंबताना ऊब धरतं, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. वर्गात मुलांना त्यांनी असल्या कितीतरी गोष्टी सोप्या करून सांगितल्या होत्या. पण मुलांना सांगताना आपला आवाज असा कापत नव्हता, हेही त्यांच्या लक्षात आलं.

पाव तळघरात गेला, बटाट्यांच्या शेजारी. आठवडा उलटून गेल्यावर त्या खाली उतरल्या, दिवा न लावताच हात पुढे केला, आणि झटकन मागे घेतला. भाजलं नव्हतं. ती भट्टीची ऊब नव्हतीच. अंथरुणातून नुकतंच कुणी उठून गेलं की चादरीला राहते, तेवढी होती.

बटाट्यांना मात्र कोंब फुटले होते. नोव्हेंबरात. आणि सगळे पावाच्या दिशेने वळलेले.

३

आन्सेल्मच्या घरी त्या त्याचे राहिलेले पाव घेऊन गेल्या. म्हातारा आगीपाशी बसला होता. त्याने पाव घेतले, मोजले नाहीत, शिक्का पाहिला फक्त. मग बाईंच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं.

“तो कुठाय?”

“माझ्याकडे. काका, कुणाचा शिक्का तो?”

“शिकलेली ना तू? तूच शोध.”

“शोधला. कपाटात नाही.”

“कपाटात कसा असेल? कपाटात ज्यांनी दिले त्यांचे आहेत.” त्याने लाकूड आगीत सरकवलं. “वरच्या घराचा. पेलिसिएंचा.”

चॅपेलच्या, म्हणजे गावच्या छोट्या प्रार्थनाघराच्या वर, रान सुरू होतं तिथे एक छप्पर नसलेलं घर होतं. शाळेच्या सहलीत मुलांना तिथे जाऊ द्यायचं नाही, असा जुना दंडक होता. भिंत अंगावर पडेल म्हणून, असं बाई मुलांना सांगत. त्यांना त्यांच्या आधीच्या बाईंनी तसंच सांगितलं होतं.

“ते लोक गाव सोडून गेले ना?”

“असं तुझा बाप सांगायचा. मी लहान होतो. त्यांच्या घरात ताप आला होता. त्यांचं पीठ गावभट्टीत आलं तर ताप सगळ्यांच्या पावाला लागेल, असं लोक म्हणाले. त्या साली भट्टीत त्यांचा नंबर लावला नाही. एवढंच.”

“मग?”

“मग बर्फ पडलं.”

आगीत काहीतरी तडकलं. बाई उभ्याच होत्या. बस म्हणायचंही म्हाताऱ्याने मनावर घेतलं नाही.

“कुणी भाकरतुकडा नेऊन दिला नाही?”

“प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्याने दिला असेल. वसंतात गावात आणखी कुणालाच ताप आला नाही. तेव्हा सगळे म्हणाले, बघा, बरं केलं ना आपण.” तो हसला असावा, पण दात नसल्याने कळत नव्हतं. “मग लोक वर गेले. खाली येताना रिकाम्या हाताने कुणी आलं नाही. तुझ्या स्वयंपाकघरातलं टेबल कुठलं, ते विचारलंस कधी बापाला?”

बाईंनी विचारलं नव्हतं. अक्रोडाचं ते भक्कम टेबल त्या पाहुण्यांना दाखवायच्या, आमच्या घरातला वारसा म्हणून.

“पाव फेकून दे, पोरी,” आन्सेल्म म्हणाला. “नाहीतर वर नेऊन ठेव. पण घरात ठेवू नकोस. त्यांना वाटेल, तू बोलावलंस.”

४

त्या वर घेऊन गेल्या. दुपारची वेळ, लख्ख ऊन, भुरभुर पडलेलं बर्फ. पाव कापडात गुंडाळून छातीशी धरला होता आणि त्याची ऊब कोटातून आत येत होती. तान्हं मूल घेऊन चालल्यासारखं वाटू लागलं तेव्हा त्यांनी तो काखोटीला मारला.

घराच्या भिंती तेवढ्या उभ्या होत्या. चुलीच्या जागी खाजऱ्या रानझुडपांच्या वाळलेल्या काड्या. दाराची चौकट नव्हती, खिडकीच्या फळ्या नव्हत्या, जमिनीवरची फरशीसुद्धा उचलून नेलेली. इतकं नीट ओरबाडलेलं घर त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. काय कुठल्या घरी गेलं असेल, हे त्या नकळत ओळखू लागल्या. ओदेतच्या खानावळीतली फरशी. फिर्मांच्या गोठ्याची चौकट. त्यांनी विचार तोडला आणि पाव खिडकीच्या दगडावर ठेवला.

“घ्या,” त्या म्हणाल्या. आणि स्वतःच्याच आवाजाला लाजल्या. तो वर्गातला आवाज होता, खडू वाटतानाचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पुन्हा गेल्या. पाव नव्हता. कोल्ह्याने नेला असेल, असं त्या मोठ्याने म्हणाल्या. बर्फ ताजं आणि सपाट होतं. आपल्याच कालच्या पावलांचे बुजत आलेले खळगे सोडले, तर घराभोवती एकही ठसा नव्हता. कोल्ह्याचाही नाही.

खिडकीच्या दगडावरचं बर्फ मात्र पावाएवढ्या गोलात वितळलं होतं. त्या गोलाच्या पलीकडे, आतल्या बाजूने, दगडावर पिठाचं बोट उमटलं होतं. एकच. कड धरून उभं राहिलेल्या माणसाचं उमटावं तसं.

५

तेव्हापासून बाई त्या टेबलावर जेवू शकल्या नाहीत. ताट मांडीवर घेऊन चुलीपाशी बसायच्या. उन्हाळ्यात आन्सेल्म गेला. पुढच्या नोव्हेंबरची तयारी करायला मंडळ शाळेच्या वर्गात जमलं, तेव्हा बाईंनी आपलं म्हणणं मांडलं. शिडीचा शिक्का नव्याने कोरून घेऊ. भट्टीतली आन्सेल्मची पाळी आता रिकामी आहे. ती पेलिसिएंच्या नावाने लावू. त्यांच्यासाठी पीठ मळू, भाजू आणि वर नेऊन ठेवू. बाकी काही बोलायला नको.

बाईंना कळून चुकलं की पेलिसिए कोण, हे इथे कुणालाही विचारावं लागलं नव्हतं. फक्त त्यांनाच ते ठाऊक नव्हतं, किंवा ठाऊक करून घ्यायचं नव्हतं.

“बाई,” सरपंच मोते म्हणाले, “लोक इथे पाव खायला येतात, पाप ऐकायला नाही. त्या घराला मी छप्पर घालतोय. पुढच्या वर्षी तिथे पाहुणे उतरणार आहेत. त्यांना काय सांगू, या खोलीत काय झालं ते?”

“जे झालं ते.”

“आणि मेलेल्यांना भूक नसते,” खानावळवाली ओदेत म्हणाली. “जिवंत माणसं जेवायला येणार आहेत त्या दिवशी, त्यांचं बघा. तुम्हाला काय, भाषण केलं की झालं. राबतो आम्ही.”

“ओदेत, तुझ्या खानावळीतली फरशी...”

“माझ्या फरशीचं नाव काढू नका, बाई. तुमचं टेबल काय आभाळातून पडलं?”

फिर्मां दाराशी टेकून उभा होता. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. त्याने टोपी हातात फिरवली.

“राहू द्या ना, बाई,” तो हळूच म्हणाला. “एकदा त्यांचा नंबर लावला, की दरवर्षी लावावा लागेल.”

हात वर झाले. आन्सेल्मची पाळी पाहुण्यांना देण्यात आली. हौशी लोकांनी पीठ मळून बघावं, फोटो काढावेत म्हणून. बाई घरी परतल्या तेव्हा त्यांना खरं तर हायसं वाटत होतं. आपण बोललो, लोकांनी ऐकलं नाही, आपल्याकडून विषय संपला. दार लावता लावता त्यांना हे कळलं आणि त्या बराच वेळ कडी हातात धरून उभ्या राहिल्या. मग ताट घेतलं, आणि वर्षभरानंतर पहिल्यांदा टेबलावर बसून जेवल्या. सूप चवीला चांगलं झालं होतं.

६

भट्टीच्या दिवशी ऊन पडलं होतं. बाहेर गर्दी होती. सरपंच माइकवर बोलत होते, कुणीतरी अकॉर्डियन वाजवत होतं. आत भट्टीघरात फिर्मां, ओदेत आणि बाई एवढेच. फिर्मांने लोखंडी दार उघडलं, फावडं आत घातलं आणि पहिला पाव ओढला.

शिडी.

दुसरा ओढला. शिडी. कोंबड्याच्या घराचा, चाकाच्या घराचा, पाहुण्यांनी हसत हसत मळलेला, सगळ्यांवर तीच. ठसाही कच्च्या हाताचा नव्हता. खोल, सरळ, रोजचं काम करणाऱ्या माणसाने दाबावा तसा. बाईंनी आपल्या माहेरच्या कात्रीचा शिक्का शोधला. आपले पाव त्यांनी स्वतः दाबले होते. कात्री कुठेच नव्हती.

फिर्मां थांबला. ओदेतने एक पाव उलटापालटा करून पाहिला. तिचा चेहरा पांढरा पडला होता, पण हात चालूच राहिले. कमरेचा चाकू काढून ती पावाचा पापुद्रा खरवडू लागली.

“काय करतेस?” बाईंनी विचारलं.

“खरवडलं की झालं. बाहेर लोक थांबलेत.”

“ओदेत, हे पाव आपले नाहीत.”

“पीठ आपलं आहे,” ओदेत म्हणाली. “लाकूड आपलं आहे. धरा, दुसरा चाकू घ्या.”

बाईंनी चाकू घेतला. पुढे कितीतरी दिवस त्या स्वतःला सांगत राहिल्या की त्या वेळी दुसरं काही सुचलंच नाही. पण सुचलं होतं. सगळे पाव पोत्यात भरून वर नेता आले असते, रस्ता उघडा होता, ऊन होतं. त्या खरवडत राहिल्या. काळा भुगा टेबलावर पडत होता, आणि बाहेर सरपंच सांगत होते की या गावात भाकरीचा तुकडासुद्धा वाटून खायची रीत आहे.

“बाई,” फिर्मां म्हणाला.

त्याचं फावडं आत खोलवर गेलं होतं, शेवटचे पाव काढायला. ते अडलं होतं. त्याने ओढलं नाही, कारण ओढण्यात अर्थच उरला नव्हता. दांडा त्याच्या हातातून हळूहळू आत सरकत होता. हिसका नाही, झटका नाही. जड भांडं एकाच्या हातातून दुसऱ्याने घ्यावं, तसं कुणीतरी ते सांभाळून घेत होतं. फिर्मांने बोटं उघडली. दांडा आत गेला. पूर्ण गेला. भट्टी एवढी खोल नव्हती.

बाई वाकल्या.

आतली ऊब तोंडावर आली, पण ती भट्टीची धग नव्हती. मागची विटांची भिंत जिथे असायला हवी, तिथे करडा उजेड होता, बर्फाने झाकलेल्या खिडकीतून येतो तसा. उजेडात एक खोली होती. खोलीत काहीच सामान नव्हतं. जमिनीवर माणसं बसली होती, भिंतीला टेकून, एकमेकांच्या अंगाला अंग लावून, आणि त्यांच्यापुढे हात पसरून एक बाई गुडघ्यांवर बसली होती. बाह्या कोपरापर्यंत वर केलेल्या. कोपरापर्यंत पीठ. फावड्यावरचा पाव तिने उचलला आणि मागे दिला. मागच्याने आणखी मागे दिला. किती मागे, ते दिसत नव्हतं. कुणी खात नव्हतं. सगळ्यांना पोचेपर्यंत ते थांबले असावेत.

मग दार कुणी उघडलंय हे बघायला त्या बाईने मान वळवायला सुरुवात केली.

चेहरा दिसायच्या आत सेराफीनबाईंनी दार लावलं.

लोखंड तापलेलं होतं. त्यांनी आधी हात लावला, मग खांदा, मग वळून पाठ. कोटाचं कापड करपल्याचा वास आला. आतून धक्का बसेल, या तयारीने त्यांनी पाय रोवले. धक्का बसला असता तर बरं झालं असतं. निदान आपण कशाला तरी अडवतोय असं वाटलं असतं. पण आतून कुणीही दार ढकललं नाही. फक्त एकदा, पाठीमागे अगदी जवळ, कुणीतरी घसा खाकरला. रांगेत उभं असलेलं माणूस आपण अजून इथेच आहोत हे सुचवायला खाकरतं, तितक्या अदबीने.

फिर्मांने बाईंकडे पाहिलं. काही न विचारता तो पुढे आला आणि त्यांच्या शेजारी दाराला पाठ लावून उभा राहिला. ओदेतने खरवडलेले पाव टोपलीत भरले, वर पांढरं कापड टाकलं, चेहरा पुसला आणि टोपली घेऊन बाहेर गेली.

बाहेर टाळ्या पडल्या.

“आता उघडायचं का, बाई?” बऱ्याच वेळाने फिर्मांने विचारलं. शाळेत विचारायचा तसा, जमिनीकडे बघत.

“नाही,” सेराफीनबाई म्हणाल्या. “थोडा वेळ जाऊ दे. थंड होईल.”